झालरीखालचे पंजे

प्रिय शाईबाई,

सतरा वर्षं गप्प बसलेल्या बाईनं पत्राची सुरुवात कशी करावी, हे मला कळत नाही. म्हणून आधी बातमीच सांगते.

परवा दातांच्या डॉक्टरकडे लवकर पोचले आणि वेळ काढायला समोरच्या चित्रदालनात शिरले. आत पाच जणींची मुद्राचित्रं होती. सगळ्या आपल्याहून लहान, आजही हातानं लाकूड कोरून छापणाऱ्या. हे काम आपल्यानंतर कोणी करत नसेल, असं मी खुशाल धरून चालले होते. काय शहाणी मी!

एका चित्रापुढून पाय निघेना. लोककथेतली कोल्हीण, पण थाट पार व्हिक्टोरियन बाईचा. गळ्यापर्यंत बंद कॉलर, मनगटाला सहा-सहा बारीक बटणं, भोवती वेलबुट्टीची लंबगोल चौकट. झग्याला लेसची झालर, तिचं एकेक भोक सुईच्या टोकाएवढं. आणि झालरीखालून हळूच डोकावणारे दोन पंजे, डाव्याचं एक नख तुटलेलं. चेहरा असा, की घरी पाहुणे आलेत आणि ही मनातून रानात पोचलीये.

मला आपली लाँड्रीवरची खोली आठवली. छापायच्या यंत्राचं चाक तू ओढायचीस, कागद मी उचलायचे. ‘महिन्याभरात येते’ म्हणून मी नोकरीवर गेले, मग लग्न झालं, हत्यारं पेटीतच गंजली. तुझी तीन पत्रं आली. काम सोडलं हे तुला सांगायची लाज वाटली. पुढे उशीर झाल्याची लाज वाटत राहिली. रागावली असशील, तर बरोबरच आहे. पण तुझ्यासारखं तोंडावर बोलणारं मला पुन्हा कोणी भेटलं नाही गं.

कोल्हीण कोरणारी तिथेच होती. इतकी बारीक रेघ कशी येते, विचारलं. ती हसून म्हणाली, “आमच्या बाई सांगायच्या, हत्यार ढकलू नका, लाकूड फिरवा.” असं बोलणारी जगात एकच. तुझी चौकशी केली, आणि तिनं सगळं सांगितलं.

दोन वर्षांपासून तुला दिसत नाही, हे मला एका परक्या मुलीकडून कळावं! म्हणून बटणंसुद्धा मोजून लिहिली. वाचून दाखवणाऱ्या तुझ्या भाचीला म्हणावं, एवढं सोस. त्या मुलीनं कोल्हिणीचा कोरलेला ठोकळाच माझ्या हाती दिलाय, शाई पुसून, म्हणाली, “बाईंना बोटांनी बघू दे.” रविवारी सकाळी घेऊन येते. भेटायचं नसेल, तर ठोकळा भाचीकडे देऊन परत फिरेन. पण शाईबाई, तू स्वतः दाराशी यावंस, आणि मला भरपूर बोलावंस, एवढंच मागायला हे पत्र लिहिलं.

तुझीच,
रेघोटी