छप्पर चढलं

कुरखेड्याजवळून,
डिसेंबर १९५६

प्रिय करुणा,

सप्रेम सलाम. तुझी मार्था आज फार चढून गेली आहे आणि तुला ते ऐकून घ्यावंच लागेल. आपल्या प्रार्थनाघरावर छप्पर चढलं.

भिंती तू पाहिल्याच होत्यास. दर पावसाळ्यात त्या थोड्या विरघळायच्या, मी पुन्हा लिंपायची. यंदा पाद्रीसाहेबांनी सांगून टाकलं, नाताळापर्यंत छप्पर झालं नाही तर इथलं काम बंद, तुम्ही दोघं चांद्याला परत या. गवत होतं, बांबू होते, माणसं नव्हती. इथे घर शाकारायला सगळं गाव येतं. पण घरमालकाने मोहाची दारू द्यायची, तिचे पहिले थेंब धरतीला वाहायचे, मगच कोणी वर चढतं. आपल्या घरात दारू कशी यायची? शेवटी आमचे प्रभुदास एकटेच शिडी लावून चढले आणि कंबर धरून उतरले. मला आधी हसू आलं, मग रडू.

शेजारची सुकरी आठवते ना, गोंडांची? तिच्याच जात्यावर मी दळते. ती तिची गाणी म्हणते, मी माझी, पीठ एकच निघतं. ती म्हणाली, ‘काऊन रडून राह्यली, बाई? आमाले बोलावलं तरी का तू?’ खरंच, बोलावलं नव्हतं. नकार येईल म्हणून आधीच गप्प बसले होते.

मग घरोघर हिंडले. सरळ सांगितलं, दारू मिळणार नाही, भात आणि लाखोळीचं वरण पोटभर मिळेल. कोणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जीव टांगणीला लागला. सकाळी दार उघडते तर सुकरीचा नवरा मंगरू पुढे आणि मागे अख्खं गाव, खांद्यावर कुऱ्हाडी, हातात दोर. मंगरू म्हणाला, ‘धरतीचं आमी आमच्या घरून देऊन आलो, बाई. तुयाकडं फक्त जेवाचं.’ दिवस मावळायच्या आत आढ्यापर्यंत गवत बसलं. सुकरी खालून पेंढ्या फेकत होती आणि प्रभुदासांना दटावत होती, ‘भाऊ, तू खालीच राय.’ इतकी आनंदात मी माझ्या लग्नातही नव्हते.

आता मुद्द्याचं. योहानभाऊजी गेले आणि तू गाणं सोडलंस. देवळातही ओठ मिटून बसतेस, असं कळतं. इथे आलीस तेव्हा मी फारच मागे लागले, तर त्या उघड्या भिंतींकडे बोट दाखवून म्हणालीस, यांच्यावर छप्पर चढेल त्या दिवशी गाईन. चढायचं नाही याची तुला खात्री होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी वाद घातला नाही, घरी येऊन गवत कापायला लागले. नाताळच्या आदल्या दिवशी मंगरूची बैलगाडी कुरखेड्याला उभी असेल. सुकरी म्हणते, जिच्यासाठी एवढं शाकारलं तिचा आवाज मले ऐकाचा हाय. पहिलं गीत तुझं. ये आणि दिलेला शब्द पाळ.

तुझीच,
मार्था