पैकीच्या पैकी गुणांचा नकार

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (माझं पोट पाहता तो कागदावरच घातलेला बरा.) तुझा खोकला आणि वहिनींची पाठ कशी आहे? मी धडधाकट आहे, आणि त्याचीच लाज वाटते.

आरोग्य विम्याच्या कंपनीत मी रोज चाळीस फायली तपासतो, हे तुला ठाऊकच आहे. पेशंटला आणखी उपचार हवेत की झाले तेवढे पुरे, हे त्याला न बघता ठरवायचं. (चौदा वर्षं दवाखाना चालवून जे उमगलं नाही, ते इथे चार मिनिटांत उमगतं.) पक्षपात नको म्हणून नावं झाकलेली असतात. दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी एक फाईल आली: बाई, वय अठ्ठ्याहत्तर, खुब्याचं ऑपरेशन, घरी येऊन व्यायाम देण्याच्या बारा भेटी झाल्या, आणखी आठ हव्यात, प्रगती नगण्य. मी 'गरज नाही' असा शेरा मारून सही ठोकली आणि चहाला गेलो. आपल्या आईचंही हेच वय आणि हाच खुबा, हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

त्याच आठवड्याच्या रविवारी आईकडे गेलो तर व्यायामाच्या बाई तिचा निरोप घेत होत्या. म्हणाल्या, "कंपनीचा नकार आलाय. अजून दोन आठवड्यांत त्या एकट्या बाथरूमपर्यंत गेल्या असत्या." टेबलावरच्या पत्राखाली माझी सही होती. मी ते गुपचूप खिशात घातलं. आई पलंगावरून म्हणाली, "असू दे रे. त्या डॉक्टरचाही काही नाइलाज असेल. तू जेवलास का?" मी ताटावर बसलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हटलं, माझं चुकलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. दर्जा तपासणीसाठी नेमकी तीच फाईल उचलली गेली होती आणि मला पैकीच्या पैकी गुण पडले होते. आता नव्या लोकांना ती नमुना म्हणून दाखवतात.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. नकाराविरुद्ध अपील करता येतं, पण ज्याने नकार दिला त्याला नाही. सोबतच्या अर्जावर तू सही कर. कारणांच्या रकान्यात माझ्याविषयी मनात येईल ते लिही. त्यात लहानपणापासून तुझा हात बसलेला आहे. फक्त आईला कळू देऊ नकोस.

ता. क. मोठ्या, हे आई लिहितेय. पाकीट चिकटवायला याने माझ्याकडे दिलं. त्याची सही मी पत्र आलं तेव्हाच ओळखली होती. अर्ज लगेच धाड, पण मला माहीत आहे हे त्याला सांगू नकोस. हल्ली रोज येऊन माझा हात धरून मला चालवतो. त्यात रडायला लागला, तर आम्ही दोघंही पडू.