दाजींच्या शब्दावरची सही

चिकलठाणा

आईस धम्मपालचा जय भीम.

मी बरा हाय, जेवण पोटभर मिळतं. ट्रक मागं घेताना आता भिंतीला लागत नाय. गुडघ्याला तेल लावतीस ना?

एक सांगतो, पण रूपाताईला कळू देऊ नको. गारखेड्याच्या ड्रायव्हिंग क्लासात फी भरून शिकलो असतो, तर लायसन माझ्या खिशात राहिलं असतं. दाजी म्हणाले, कंपनीची शाळा फुकट हाय. त्यांनी आणलेला कंपनीचा कागद मी वाचायला घेतला, तर म्हणाले, "घरच्या जावयावर भरवसा नाय व्हय?" तू चुलीपुढून डोळे वटारलेस. मग मी मान खाली घालून सही केली.

आता लायसन कंपनीच्या कपाटात हाय. त्या कागदात लिहिलंय, तीन वर्षं दुसऱ्या कुणाची गाडी चालवता येणार नाय. काल इथले मास्तर हसत बोलले, "तुझ्या दाजींनी लई पोरं आणली, म्हणून तर ते कंपनीत कायम झाले."

रविवारी दाजी आपल्या धाकट्या सुमेधसाठी तसाच कागद घेऊन येतायत. कोंबडी कर, त्यांचा मान राख. पण सुमेध कागद वाचायला लागला, तर या खेपेला डोळे वटारू नको.

तुझा,
धम्मपाल