फुंकायची नोकरी

१६ जून, सोमवार

आजपासून सोडली. तसं सोडण्यासारखं काही नव्हतंच. मी घेतो ती फौजेतली सवय, तिला व्यसन म्हणत नाहीत. पण मंगल लेकीला घेऊन माहेरी, शिराळ्याला जाऊन बसली आहे. बायकोच्या समाधानासाठी नाव घातलं, एवढंच.

सांगलीत मार्केट यार्डाजवळ व्यसनमुक्तीवाल्यांनी हळदीची शेड काढली आहे. रोज सकाळी गेटवर दारू पकडणारं मशीन फुंकायचं. हिरवा दिवा लागला तर आत काम: हळकुंडं निवडायची, पोती शिवायची, शनिवारी पगार. लाल लागला तर घरी. जितके दिवस सलग हिरवा, तितका रोजाचा दर चढत जातो. एकदा लाल, की दर परत पहिल्या पायरीवर. अश्लेषा मॅडम म्हणून डॉक्टरबाई आहेत, त्यांनी हे अर्धा तास समजावलं. मी दोन मिनिटांत ओळखलं. हे प्रमोशन. रंगरूट, लान्स नायक, नायक, हवालदार. मी हवालदार म्हणूनच रिटायर झालोय. नागपंचमीपर्यंत सुभेदार होऊन दाखवतो.

१७ जून

हिरवा. मॅडमना म्हटलं, मला पेशंट समजू नका, इन्स्ट्रक्टर समजा. त्या म्हणाल्या, आधी पोतं शिवा.

शेजारी सयाजी बसतो. जतकडचा मेंढरंवाला. दिवसभर एक शब्द नाही, हात थरथरतात. हा काही टिकत नाही. त्याची जबाबदारी मी घ्यायचं ठरवलं.

२१ जून, शनिवार

पगार. लगेच मंगलला फोन. म्हटलं, सोडली. ती म्हणाली, ह्ये मी लय येळा आयकलंय. आता तुमच्या शब्दावर न्हाई, त्या मशिनीवर इस्वास हाय. पंचमीला न्यायला या. तवर हिरवा ऱ्हायला, तर बॅग भरून तयार आसंन.

मग शिवांजली फोनवर आली. तिसरीत आहे. म्हणाली, पप्पा, फुंका. मी फोनात फुंकलं. ती म्हणाली, हिरवा!

फार बरं वाटलं. इतकं बरं वाटल्यावर साजरं करणं हे व्यसनात धरत नाहीत. उद्या रविवार, शेड बंद. सोमवारपर्यंत शरीर साफ होतं. फौजी हिशोब आहे.

२३ जून, सोमवार

लाल.

मशीन चिनी आहे. फौजी माणसाशी वैर असणारच. मॅडमना म्हटलं, खोकल्याचं औषध घेतलं होतं. कोणतं, म्हणाल्या. आयुर्वेदिक, म्हटलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, उद्या या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. मंगलला कळवलं नाही. पंचमी लांब आहे.

दर पहिल्या पायरीवर. पुन्हा रंगरूट. सयाजी हिरवा. नशीब एकेकाचं.

२ जुलै

लाल.

यात माझी चूक नाही. माहिती चुकीची मिळाली. कच्चा कांदा, वेलदोडा आणि हिंग एकत्र चावलं की मशीन फसतं, असं एका जाणकाराने सांगितलं होतं. रांगेतली माणसं चार हात लांब सरकली, दिवा मात्र लालच. सयाजी जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, हवालदार, कांदा वाया गेला गड्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं, ते यासाठी.

दुपारी मंगलचा फोन आला. मॅडमनी तिला सगळं सांगितलं आहे. म्हणाली, झालं ते झालं, पण हितनं म्होरं एक जरी लाल दिसला तर येऊ नका. आणि फोन ठेवला.

३ जुलै

आजपासून पंचमीपर्यंत थेंब नाही. पलटणीची शपथ. कालपर्यंतचं सगळं प्रॅक्टिस मॅच म्हणून धरायचं. संध्याकाळी सहा ते आठ धोक्याची वेळ, तेव्हा कृष्णेच्या घाटावर चालायला जायचं. पाच किलोमीटर. पहाटे पळायचं. सूर्यनमस्कार. शिवाय इंग्लिश सुधारायचं.

४ जुलै

हिरवा. पहाटे पळालो नाही, कारण गुडघा. घाटावर गेलो, चहा घेतला, परत आलो. कॉर्नरच्या दुकानासमोरून जाताना मान उजवीकडे ठेवली. परेडमध्ये ठेवतात तशी.

१२ जुलै, शनिवार

अजून हिरवा. आता घाटावर सयाजीही येतो. त्याला शिस्त, मनोधैर्य वगैरे समजावतो. तो नदीकडं बघतो. आज विचारलं, बाबा, तू का आलास इथं? म्हणाला, मेंढरं जवळ येईनात. माज्या वासानं बिचकायची. हाक मारली की लांब पळायची.

मी खो खो हसलो. घरी आल्यावर शिवांजली आठवली. मी आलो की पोरगी आतल्या खोलीत अभ्यासाला जाऊन बसायची. मी सगळ्यांना सांगायचो, अभ्यासाची लय आवड आहे पोरीला.

आज जास्त लिहीत नाही.

२४ जुलै, गुरुवार. गटारी

सकाळपासून आमंत्रणं. मटण, रस्सा आणि बाकी सगळं. एका मित्राने तर गाडी पाठवतो म्हटलं. मोबाईल बंद केला आणि सयाजीच्या खोलीवर गेलो. त्यानं पिठलं-भाकरी केली. दोघं जेवलो. हात थरथरत होते. सयाजीचे नव्हे.

आख्ख्या सांगलीत गटारीला पिठलं खाणारे आम्ही दोघंच असणार. इतिहासात नोंद व्हावी.

२५ जुलै

हिरवा! मॅडमनी शेडमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या. माझ्या हिशोबाने मी आता नायक. सयाजी हवालदार, त्याला गेटवर मशीन धरायचं काम दिलं आहे. माझ्या ट्रेनिंगचा परिणाम. मॅडमच्या ते लक्षात आलेलं दिसत नाही.

व्यसन नव्हतं हे आता सिद्ध झालं. असतं तर सुटलं नसतं.

२६ जुलै, शनिवार

मिलिटरी कँटीनला जाऊन आलो. कोटा महिन्याअखेर लॅप्स होतो. शिवाय आज कारगिल विजय दिवस. एकच रम घेतली, तीही माझ्यासाठी नाही. मंगलचे वडील, भाऊसो. लग्न झाल्यापासून दर पंचमीला त्यांना कँटीनची बाटली नेतो. आमचा जावई फौजी, असं सांगत गल्लीभर दाखवतात. या वर्षी, बायकोला न्यायला जायचं आणि हात हलवत? पलटणीची बेइज्जत. मी घेणार नाही, नुसती पोचवणार. पोस्टमन काय पत्रं वाचतो?

सयाजी म्हणाला, हवालदार, कोकरू कुनी लांडग्याच्या पाठीवरनं धाडतं व्हय? मी म्हटलं, सील पक्कं आहे.

२८ जुलै, सोमवार

हिरवा. सयाजीनं स्वतः मशीन धरलं. मॅडमनी माझ्यासमोर मंगलला फोन लावून सांगितलं. पलीकडून मंगल म्हणाली, भरते बॅग.

बाटली टॉवेलात गुंडाळली आहे. सील शाबूत. तीनदा पाहिलं.

२९ जुलै, पंचमी. शिराळा. दुपारी २

फत्ते. मंगलची बॅग दारातच ठेवलेली. गावात ही गर्दी. शिवांजलीनं जत्रेतली हिरवी पिपाणी माझ्या तोंडापुढं धरली, म्हणाली, फुंका. फुंकली. पीं वाजली. पोरगी ओरडली, हिरवा! आणि येऊन कमरेला मिठी मारली. मंगल हसली. कितीतरी दिवसांनी बघितलं.

पुरणाचे दिंड चापून खाल्ले. भाऊसो ओसरीवर बसले आहेत. आता बाटली देतो. चारची एसटी आहे, तिघांनी जायचं.

संध्याकाळी ७. चारची चुकली, पुढच्या एसटीत

बाटली समोर ठेवली. भाऊसो बघतच राहिले. मग म्हणाले, पावणं, मी सोडली की. तुमी सोडलीसा आसं कळलं, तवाच. म्हटलं, पोरगं येवढं करतंय, तर म्हाताऱ्याला काय धाड भरलीय.

मंगलनं बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाली, जावा, नदीत वतून या.

गेलो. पण सील तोडल्याशिवाय ओतता येत नाही. आणि सील तोडल्यावर, सासऱ्याला नकली माल तर आणला नव्हता ना, हे बघणं जावयाचं कर्तव्य आहे. बाकी सगळी मोरणेत ओतली. निम्मी तरी नक्की.

परत गेलो तर शिवांजली दारात, पिपाणी पुढं करून. फुंका. मी लांबूनच म्हटलं, सर्दी झालीय बाळा. तिनं हात खाली घेतला नाही. मंगलनं दारातली बॅग उचलली आणि आत नेली. भांडली नाही. निघताना शिवांजलीनं पिपाणी माझ्या खिशात घातली. म्हणाली, प्रॅक्टिस करा पप्पा, दिवाळीला परत फुंकायचं.

मिठी मारली नाही. सर्दी लागेल म्हणून असेल.

३० जुलै, बुधवार

लाल. म्हटलं, सयाजी, परत एकदा धर रं. धरलं. परत लाल. त्यानं मशीन माझ्यापुढून वळवलं आणि मागच्याला हाक मारली. पुन्हा रंगरूट.

घरी येऊन पिपाणी फुंकून बघितली. पहिल्या फुंकेला वाजली. म्हणजे माझ्या फुंकण्यात दोष नाही, मशीनच बदलायला पाहिजे. उद्या मॅडमना सांगतो.

घरात दुसरं कोणी नव्हतं. बराच वेळ फुंकत बसलो.