पहिला की दुसरा

२ डिसेंबर
खोका आला. भाऊ उद्या येतोय, पण खोका त्याच्या आधी हजर! दोन माणसांनी धापा टाकत जिन्याने वर चढवला. वर मोठ्या अक्षरांत — क्लास ए ॲम्प्लिफायर. म्हणजे धाकट्याने बाबांसाठी ॲम्प घेतलाय. जसा काही बाबांकडे ॲम्प नव्हताच.

आहे. मी आणि बाबांनी मिळून बांधलेला. मी कॉलेजात होते तेव्हा. धाकटा टेबलाखाली बसून आमचे स्क्रू हरवायचा.

३ डिसेंबर
धाकटा आला. आल्या आल्या चहासुद्धा न घेता खोका फोडला. चंदेरी, गुळगुळीत, कडा अशा की हात फिरवावासा वाटतो. फिरवला नाही.

बाबांनी चष्मा पुसला. मग पुस्तिका वाचायला घेतली, पहिल्या पानापासून. सगळी नोकरी त्यांनी रेडिओवर रेकॉर्डिंग करण्यात घालवली, पण आमच्या ॲम्पसाठी चष्मा पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"ताई, तुझ्यासारखाच आहे हा. क्लास ए," धाकटा म्हणाला. माझ्यासारखाच! मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच एक धुतलेलं पातेलं परत धुतलं.

४ डिसेंबर
बाबांच्या खोलीत एकच फळी. दोन ॲम्प कसेबसे शेजारी बसवले. दोन्ही सुरू केले की खोलीची भट्टी होते. क्लास ए म्हणजे तेच — गाणं वाजो न वाजो, आत करंट पूर्ण वाहत असतो. काम करतोय की नुसता बसलाय, हात लावून कळायचं नाही. तापणार म्हणजे तापणार. थंडीत आमच्याकडे त्यामुळे शेगडी लागत नाही. बाबा पाय फळीखाली सोडून बसतात.

मला वाटलं होतं नवा नुसता नावाचा क्लास ए असेल. हल्ली तसेच निघतात, सुरुवातीला ए आणि जरा आवाज वाढवला की बी, म्हणजे कमी तापणारा. तासाभराने हळूच हात लावून पाहिलं. चटका बसला. खरा निघाला मेला.

५ डिसेंबर
दोघं फिरायला गेले. मी नव्याचं झाकण उघडलं.

चूक शोधत होते, खोटं कशाला बोलू. सापडली नाही. वायरी सरळ, सोल्डरिंग मोत्यासारखं. आमच्या ॲम्पमधले ट्रान्झिस्टर मी आणि बाबांनी ढिगातून एकेक मोजून जोड्या लावल्या होत्या, पंधरा दिवस तेच चाललं होतं. याच्यात मशीनने लावलेत. आमचा तासभर तापल्यावर मीच स्क्रू फिरवून करंट ठीक करते. सकाळी एक, दुपारी एक, असा त्याचा स्वभाव. हा स्वतःचं स्वतः सांभाळतो. आमच्यात कान लावला तर बारीक घरघर येते. याच्यात काही नाही. नुसती शांतता!

झाकण लावलं. एक स्क्रू मुद्दाम किंचित सैल ठेवला. मग परत जाऊन घट्ट केला.

६ डिसेंबर
बाबा नव्याला "वा" म्हणाले. मोठ्याने.

७ डिसेंबर
दिवसभर माझ्या दुरुस्तीच्या दुकानात बसले, पण हाताला काम लागेना. एका बाईंचा मिक्सर उघडून तसाच ठेवला. डोक्यात तेच. बाबांच्या औषधांच्या वेळा मी बघायच्या, दवाखान्यात मी न्यायचं, ॲम्पचे वाळलेले कपॅसिटर दोनदा मीच बदलले. आणि "वा" कोणाला? जो वर्षातून एकदा बॅग घेऊन येतो त्याला. माझं पोट दुखतंय हे मला कळतं. कळून थांबतं थोडंच.

घरी येऊन मी म्हणाले, फळीवर एकच राहील. कोणता, ते बाबांनी ऐकून ठरवायचं. डोळे मिटून.

धाकटा लगेच तयार. त्याला काय, त्याचा चंदेरी आहे. हरेल त्याने आपला ॲम्प उचलायचा. माझा गेला तर माळ्यावर जाणार. माळ्यावर गेलेली वस्तू खाली आलेली मी आमच्या घरात पाहिलेली नाही.

८ डिसेंबर
डबा तयार केला. दोन्ही ॲम्पना एकाच वेळी गाणं जाईल आणि माझ्या हातातलं बटण दाबलं की स्पीकर एकाकडून सुटून दुसऱ्याकडे जातील. आत एक रिले, म्हणजे विजेवर हलणारा स्विच, दुकानातल्या जुन्या खणातला. टक — टक — छान वाजतो. दोन्ही ॲम्पच्या पाठीमागे मीटर लावून आवाज बरोबर सारखा केला, केसभरही फरक नाही. जरा मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो. मला लबाडी करून जिंकायचं नाही. जिंकायचं मात्र आहे.

आधी डब्यातून कोणीच ऐकायचं नाही असं ठरलं. नंतर तक्रार नको.

एका गोष्टीवर वाजलं. धाकटा म्हणाला, "ताई, तू बोलू नकोस. दोन दिवे लावू, नाहीतर चिठ्ठ्या." मी म्हणाले, "डोळे मिटलेल्या माणसाला दिवे दाखवणार? डबा माझा, बटण माझं, तोंडही माझंच." आमचा पहिला, त्याचा दुसरा, हे आम्ही कुजबुजत ठरवलं. बाबांना हे सांगायचं नाही. बाबा हसत होते.

९ डिसेंबर
जिंकले!!

नीट लिहिते. सकाळीच दोन्ही ॲम्प चालू करून ठेवले होते, चांगले तापले. फळीवर चादर टाकली. बाबा खुर्चीत, डोळे मिटून, मांडीवर हात. त्यांच्याच पेटीतली रेकॉर्ड लावली, ती म्हातारी गायिका एकटी गाते ती. मी म्हणायची "पहिला", थोडं वाजू द्यायचं. टक. "दुसरा." टक. पुढे पुढे उलटसुलट.

दर वेळी बाबा म्हणाले, पहिला. एकदाही चुकले नाहीत!

मलाही फरक स्वच्छ ऐकू येत होता. दुसऱ्यात बाई जरा काचेपलीकडून गाते. पहिल्यात तिचा श्वास येतो, तंबोरा जमिनीवर टेकतो. धाकट्यालासुद्धा कळलं. खाली मान घालून म्हणाला, "हो, पहिल्यात भरीवपणा जास्त आहे."

मग त्याने विचारलं, "बाबा, दुसऱ्यात कमी काय वाटतं?"

बाबा म्हणाले, "दुसऱ्यात ताण आहे. दुसरा आला की खोलीत कोणीतरी अवघडून बसल्यासारखं वाटतं. पहिल्यात मोकळं वाटतं."

ऐका! आणि हे रेडिओवर जन्म काढलेले कान. चादर ओढून मी आमच्या ॲम्पवर हात ठेवला. चांगला गरम होता, शहाणा. सगळं यानेच केलं.

संध्याकाळी शिरा केला. धाकट्याला दोनदा वाढला. वाढताना मला फार बरं वाटत होतं, आणि का ते मला ठाऊक होतं.

१० डिसेंबर
धाकटा खोक्यात थर्मोकोल बसवत होता. मी दोरी धरली. म्हणाला, "तुझ्याबरोबर बाबांनी ॲम्प बांधला. मला वाटलं, निदान एखादा विकत आणून तरी त्यांच्या खोलीत असावं आपलं काहीतरी."

"गाठ घट्ट मार," मी म्हणाले.

बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत.

११ डिसेंबर
गेला. फळी मोकळी दिसते. आमचा ॲम्प ऐटीत मधोमध बसलाय. दिवसभर ऐकला. घरघर आज जास्त वाटली.

१५ डिसेंबर
धाकट्याचा फोन नाही. पोहोचल्याचा आला होता, तेवढाच. बाबांनी विचारलं, "त्याने खोका उघडला का गं?" मी म्हणाले मला काय माहीत. तुसडेपणाने म्हणाले.

१९ डिसेंबर


कार्यक्रमांना स्पीकर भाड्याने देतो त्या साऊंडवाल्याच्या ॲम्पचा रिले जळला. कार्यक्रम आजच, त्याची घाई. म्हटलं, आपला तो डबा आता काय कामाचा. रिले काढायला उघडला, द्यायच्या आधी मीटर लावला. बटण दाबलं. टक. मीटर हलला नाही. परत दाबलं. टक. नाही.

रिलेचं झाकण काढलं. आतल्या धातूच्या पत्त्यांना ढकलणारी प्लास्टिकची काडी तुटून पडलेली. चुंबक ओढतो, टक वाजतं, पत्त्या जागच्या हलत नाहीत. तुटलेली कड जुनी आहे, तिच्यावर धूळ बसून काळी झालेली. म्हणजे खणातून काढला तेव्हाच तसा होता. मी फक्त टक ऐकलं. ॲम्पच्या पाठीमागे मोजलं. डब्याच्या पुढे, स्पीकरपाशी, मोजलंच नाही.

वायर बोटाने धरत शेवटपर्यंत गेले. स्पीकर पूर्ण वेळ एकाच ॲम्पला जोडलेले होते. धाकट्याच्या.

आमचा एक सूरही वाजला नाही. नुसता तापत होता. दुसरा एखादा ॲम्प असता तर गार लागला असता आणि मला तिथल्या तिथे कळलं असतं. क्लास ए! मी त्याला शहाणा म्हणाले.

आणि मग तो श्वास, तो तंबोरा, ती काच — मी ऐकलं ते काय होतं? शपथेवर सांगते, ऐकलं होतं.

साऊंडवाल्याला तसाच परत पाठवला. दुकान अर्ध्या दिवसात बंद केलं. वाटभर एकच भीती. मी ऐकलं ते जळफळाटाने ऐकलं. पण बाबा? आवाज तोच, ॲम्प तोच, आणि तरी ते दर वेळी पहिला म्हणाले. त्यांचे कान गेले की काय? ज्या माणसाकडे कानांशिवाय काही नाही, त्याला हे मी कसं विचारू?

२० डिसेंबर
विचारलं. रिले त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी काडी निरखली आणि खूप वेळ हसले.

म्हणाले, "तरीच! दोन्हींत काडीचा फरक नव्हता. मी घाबरलो होतो, म्हटलं कान गेले."

"मग पहिला का म्हणालात? दर वेळी?"

"तुझा आवाज. पहिला म्हणताना मऊ यायचा. दुसरा म्हणताना दात आवळायचीस. मग म्हटलं, धाकटा दोन दिवसांनी जाणार. मला रोज तुझ्या हातचं जेवायचंय."

नंतर हसू थांबलं. विचारलं, "म्हणजे वाजत होता तो त्याचा?"

"हो."

"सुंदर होता गं. मी त्याला सांगितलंच नाही."

मी फोन लावला, धाकट्याने उचलला. फोन बाबांच्या हातात दिला आणि खोलीबाहेर येऊन दार लोटून घेतलं.