ताई, तू सांगितलेली ओळ

प्रिय ताई,

देशाच्या हवामान धोरणाचा अंतिम मसुदा आज माझ्या टेबलावर आला. तू सांगितलेली ओळ त्यात नाही. हे तुलाच आधी कळवायला हवं, म्हणून लिहायला बसलो. तू जाऊन दोन वर्षं झाली, तरी अशी बातमी दुसऱ्या कुणाला सांगू?

आठवतं ना, गावी अल्लीपूरला विहारात पौर्णिमेचं जेवण आटोपलं होतं आणि आपण दोघं मागच्या ओट्यावर बसलो होतो? दिल्लीत मी नेमकं काय करतो, ते तू पहिल्यांदाच विचारलंस. मी कोळसा, सौरऊर्जा, जंगलं असं बरंच सांगितलं. तू शांतपणे ऐकून घेतलंस.

"आन ऊन?" तू म्हणालीस. "बारा ते चार बायाइले सावलीत बसू द्या, आन मजुरी कापू नका. येवढं लिवजो."

मी हसलो होतो, ताई. सरकारी कागदाची भाषा वेगळी असते, असं काहीतरी म्हणालो.

"मंग तुह्या भाषेत लिव."

मी लिहिलं नाही. उलट त्याच वर्षीच्या अहवालात मी एक वाक्य लिहिलं होतं: देशात उष्माघाताचे मृत्यू घटत आहेत. आकडे वरून आले होते, मी फक्त वाक्य केलं.

पुढच्या मे महिन्यात तू धसकटं वेचताना शेतात पडलीस. तुझ्या टोळीतल्या बायांनी साडीच्या झोळीत घालून तुला रस्त्यापर्यंत आणलं. दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळपासून डोकं दुखत होतं, असं त्या बायांनी मागाहून सांगितलं. मग गेलीस कशाला? टोळीची मुकादम घरी बसली तर काम दुसऱ्या टोळीला जाईल, म्हणून? स्वतःच्या पोरीला, नीलिमालाही तू बरं नसल्याचं सांगितलं नाहीस.

कागदावर कारण लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद पडली. नीलिमानं डॉक्टरांना ऊन लागल्याचं लिहायची विनंती केली. अंगाचा ताप कुणी मोजलाच नाही, मग लिहू कसं, असं ते म्हणाले. मी तिथंच उभा होतो, ताई. माझ्या हुद्द्यासकट, गप्प. उष्माघाताच्या मोजणीत तू आलीच नाहीस; माझ्या त्या वाक्यातल्या घटलेल्यांत तूही धरली गेलीस.

त्यानंतर धोरण नव्यानं लिहायला घेतलं, तेव्हा बैठकीत मी तो विषय काढला. आधी वर्धा जिल्ह्यातली एक मजूर बाई, असंच म्हणालो. आमच्या प्रमुख बाईंनी विचारलं, ही घटना तुम्हाला कशी कळली? तेव्हा सांगितलं, ती माझी बहीण होती. मग त्या म्हणाल्या, लिहून आणा.

जनतेच्या सूचना मागवल्या, तेव्हा तुझ्या टोळीतल्या बायांनी पत्रं पाठवली. काहींनी नुसते अंगठे उमटवले होते. मी त्यांचं इंग्रजी केलं. तीन मसुद्यांपर्यंत तुझी ओळ टिकली. मग दुसऱ्या खात्यानं विचारलं, काम बंद राहील त्या चार तासांची मजुरी कोण देणार? तेवढ्यावर सगळे अडले. आता तिथं एवढंच उरलंय: राज्यांनी स्थानिक परिस्थितीनुसार विचार करावा. विचार करावा, ताई! अशी वाक्यं मी वीस वर्षं लिहिलीत. त्यांचं पुढं काय होतं, मला ठाऊक आहे.

एक झालं. माझं ते जुनं वाक्य धोरणातून काढलं गेलं. उष्णतेनं किती माणसं मरतात याची खरी मोजणी आपल्याकडे नाही, असं सरकारनं पहिल्यांदाच लिहून दिलंय. एवढंच जमलं मला.

संध्याकाळी नीलिमाला फोन केला. ती आता तुझ्या जागी टोळी चालवते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"मामा, आई जित्ती होती तवा काऊन नाई लिवलं?"

फोन तिनं ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, तेव्हा ती म्हणाली, ठेवते.

पावसाळ्यानंतर संसदेच्या समितीपुढं या धोरणाची सुनावणी आहे. तिथं साक्ष द्यायला नीलिमाचं नाव मी पाठवलंय. ती यायला तयार आहे, पण म्हणते, मी बोलीन, तुम्ही मधात नका बोलू. तुला वचन देतो, तिचा एक शब्दही मी सुधारणार नाही. वरिष्ठ काय म्हणतील ते म्हणोत, मी अधिकाऱ्यांच्या रांगेत बसणार नाही. तिच्या शेजारी बसेन, आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत कुणालाही तिला थांबवू देणार नाही.

तुझा धाकटा,
मिलिंद