पुट्टीचा पदर

कोरेगाव,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय साईराजदादा,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. वहिनीच्या लोणच्याची बरणी रिकामी झाली, हे तिला तक्रार म्हणून नको, कौतुक म्हणून सांग. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर बोलताना सासूबाई शेजारी येऊन बसतात. प्रेमानेच बसतात.

रेश्माताईंचा निरोप आला होता. लग्नाआधी मी शिरवळला त्यांच्याकडे छोटे पुतळे करायचे, तीच जागा त्यांनी एक तारखेपर्यंत माझ्यासाठी ठेवली आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

सध्या यांचा, वीरधवलांचा, चौथा पुतळा करतेय. वीतभरच. हे गेल्यापासून दर पुण्यतिथीला मामंजी एक करून घेतात; शाळेत एक, ग्रामपंचायतीत एक, घरात एक. माझ्याकडचं खरं काम कपड्याचं. पुट्टीचे दोन गोळे एकत्र मळायचे, पापडासारखी पातळ लाटी अंगावर चढवायची आणि ओल्या सुईने चुण्या पाडायच्या. तासाभरात उरकावं लागतं, मग तिचा दगड होतो. कापड जिथे ताणलं जातं तिथून चुणी निघते. यांच्या कोपराशी मी तशी पाडली, तर मामंजी म्हणाले, "जवानाच्या वर्दीला चुणी नसती, क्रांती." स्वतः सुभेदार होते ना. मी ती पुसली. सुट्टीवर आले की हे बाह्या दुमडून गोठ्यात शिरायचे, ते रूप मला आता नीट आठवत नाही. त्याची भीती वाटते.

यंदा सासूबाईंनी शेजारी मलाही उभं करायला सांगितलं. डोक्यावर पदर, हातात ओवाळणीचं ताट, कपाळावर कुंकू. माझं खरं कुंकू त्यांनीच पुसलं होतं. पुतळ्याला चालतं म्हणे.

ताट धरलेले हात काही होईनात. तीनदा केले, तीनदा मोडले. शेवटी राग आला. उरलेल्या पुट्टीचा पदर असा ओढला, की दोन्ही हात आत गेले. म्हटलं, आता तरी विचारतील, पोरी, तुला काय होतंय?

दोघांनी चष्मे लावून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "लय झाक झालंय गं. कशी घरंदाज दिसती."

"हात झाकलंस ते बरं केलंस," मामंजी म्हणाले. "आता काचंच्या पेटीत ठिवू. धूळ न्हाई बसायची."

ते गेल्यावर मी पदर उकलायला बसले. तोवर पुट्टी वाळली होती. सुई मोडली.

दादा, इथे मला कुणी टाकून बोलत नाही. तव्यावरची पहिली भाकरी मला वाढतात. भांडता आलं असतं तर केव्हाच निघाले असते. मी एकतीस वर्षांची आहे आणि मला इथून जायचंय, शिरवळला, रेश्माताईंकडे. एवढं लिहायला मला चार वर्षं लागली.

गेल्या वर्षी तू आलास, मामंजींना विचारलंस, "क्रांतीला नेऊ का?" त्यांनी चहा मागवला आणि तू तो पिऊन परत गेलास. मी आत पिशवी भरून उभी होते. तुला तेव्हा सांगितलं नाही.

रविवारी ये. चहा घे, दोघांच्या पाया पड, पण त्यांना विचारू नकोस. त्यांच्यासमोर मला विचार. म्हणजे मला मोठ्याने हो म्हणावं लागेल.

तुझी,
अजून आतच उभी असलेली
क्रांती